रेघेवरचं पेट्रोल

"बाई, झिरो दाखव आधी." ऑटोवाल्या चंद्रभानने खिशात हातही घातला नव्हता.

"दाखवला नं भाऊ. पहा."

"तुमचा झिरो! एक रुपयाचा टॅक्स सांगता अन् दहाचं पेट्रोल खाऊन राहिले तुमी लोकं."

सक्करदऱ्याच्या पंपावर सतरा वर्षं नाकासमोर पाहून नोझल धरणाऱ्या कौसल्याला हे आता रोजचंच झालं होतं. धूर कमी व्हावा, विजेच्या बस याव्यात म्हणून सरकारने लिटरमागे एक रुपया हरित कर लावला आणि लोकांच्या तोंडी त्याचे दहा झाले. मंत्री काही हाती लागत नाहीत, नोझलवरची बाई लागते.

मागे रांग खोळंबली, आरडाओरडा झाला. कोणीतरी आमदारांना फोन लावला. निवडणूक तोंडावर, त्यामुळे साहेब लगेच हजर.

"माप आणा!"

कौसल्याने सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप आणून भरलं. पेट्रोल बरोबर रेघेवर थांबलं. सुटले बाई, असं तिला वाटलं. आमदारांनी वाकून रेघ पाहिली, मग गर्दीचे चेहरे पाहिले.

"माप बरोबर आहे गा," ते हळूच म्हणाले.

"मंग पैसा जाते कुठी?" चंद्रभान ओरडला.

जातो तो एकच रुपया, तोही बससाठी सरकारकडे, हे उत्तर आमदारांना ठाऊक होतं, पण उत्तराला टाळ्या पडत नाहीत. "जनतेचा संताप मी वर पोचवतो!" ते गरजले. टाळ्या पडल्या.

मोजलेलं पेट्रोल पंपाच्या टाकीत परत ओतायचं, हा नियम. कौसल्याने ओतलं. चंद्रभानने नेमकं तेवढंच मोबाइलवर टिपलं आणि खाली लिहिलं, 'चोरलेलं पेट्रोल परत टाकून राहिली.'

व्हिडिओ जरीपटक्यापासून गांधीबागेपर्यंत फिरला. पाचव्या दिवशी कर रद्द झाला. पंपावर पेढे वाटले गेले आणि मालकाने कौसल्याला हवा भरायला बसवलं. "माझा भरवसा आहे बाई तुमच्यावर, पण गिऱ्हाईक बिचकून राहिलं."

त्यानंतर एका संध्याकाळी जेवताना कॉलेजात जाणारी खुशी म्हणाली, "आई, रागावशील नाही नं? तू पेट्रोल परत काहून टाकून राहिली होती वं?"

हा नियम कौसल्याने अख्ख्या वस्तीला समजावून सांगितला होता. लेकीसमोर मात्र तिने हातातला घास ताटात परत ठेवला. जगाचं तिला एवढं लागलं नव्हतं.

ती उठून मोरीत गेली. हवेवर बसल्यापासून हातांना पेट्रोलचा वास येत नव्हता, तरी ती कितीतरी वेळ साबण लावत राहिली.