सतरंजीतलं सोनं

नांदेडच्या सराफ्यात चांदपाशाला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याला बसायला खुर्ची देणाराही नव्हता. तो झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर, पेढीसमोरच्या नालीतला गाळ, भट्टीतली राख असं सगळं घरी न्यायचं आणि धुऊन-चाळून त्यातला सोन्याचा कण न् कण वेगळा काढायचा, हा त्याचा पिढीजात धंदा. मातीतून सोनं काढतो म्हणजे गडी मजेत असेल, असं लोकांना वाटायचं. मजेत तो होताच, पण ती मजा स्वभावाची होती, धंद्याची नव्हे.

उमाशंकर शेटजींची पेढी त्याची हक्काची. शेटजी लिंगायत, कपाळाला भस्म, आणि समोरच्याला चिमटे काढल्याशिवाय त्यांचा चहा गोड होत नसे. दहा-बारा वर्षांतून एकदा ते कारागिरांच्या बैठकीची जुनी सतरंजी चांदपाशाच्या हवाली करीत. ही सतरंजी कितीही धुवा, कितीही पिळा, तिच्यातून काही निघत नाही. सोनं धाग्याधाग्यात जाऊन बसलेलं असतं. ती जाळावी लागते. मग राख धुतली की काठवटीच्या कडेला बारीक पिवळी रेघ दिसते. हे चांदपाशाला बापानं शिकवलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. लिहून कुणी ठेवलं नव्हतं, कारण लिहायला येत होतं कुणाला?

हा धंदा आपल्यापाशी संपला पाहिजे, एवढीच चांदपाशाची इच्छा होती. "आपन जन्मभर लोकांचा कचरा चाळला. पोरीनं मातीला हात लावायचा न्हाई," असं तो बायकोला, रहमतबीला, दिवसातून दोनदा ऐकवायचा. पोर म्हणजे नाझनीन, एकुलती एक. दहावीला चांगले मार्क पडल्याबरोबर त्यानं तिला लातूरला नेऊन क्लासला घातलं. तेव्हा लातुरात डॉक्टरांची पेरणीच चालली होती. गल्लीगल्लीत क्लास, क्लासवर होस्टेल, होस्टेलखाली मेस आणि मेसशेजारी झेरॉक्स. फॉर्म भरताना तिथल्या कारकुनानं विचारलं, "वडिलांचा व्यवसाय?" चांदपाशानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सराफी लिवा." नाझनीननं वळून बापाकडं पाहिलं. ते पाहणं त्याला पुढं दोन वर्षं अधूनमधून टोचत राहिलं.

पोर हुशार निघाली. बारावीचा न् सीईटीचा असे दोन्ही निकाल लागले आणि मेडिकलला नंबर लागेल एवढे मार्क पडले. चांदपाशानं सराफ्यात दुकानोदुकानी पेढे वाटले. चौथ्या दिवशी नाझनीन म्हणाली, "अब्बा, मला डॉक्टर न्हाई व्हायचं. मला दगडांचं शिकायचंय. भूगर्भशास्त्र."

या खुळाचं मूळ किल्लारीत होतं. भूकंप झाला तेव्हा नाझनीन सात वर्षांची. नांदेडातही फळीवरची भांडी खडखडली होती. पुढं काही महिन्यांनी औशाच्या नातेवाइकांना भेटायला गेले, तेव्हा किल्लारीजवळ जमिनीत खोल भोक पाडायचं काम चाललं होतं. आतून दगडाच्या लांब लांब कांड्या निघत होत्या. वर तीनशेहून जास्त मीटर सगळा काळा दगड आणि त्याखाली करडा-गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांचा. तिथल्या एका माणसानं त्या गुलाबी कांडीचा तुकडा पोरीच्या हातात दिला. "त्या मानसानं माझी पोर बिघडवली," असं चांदपाशा अकरा वर्षं म्हणत आला होता. तो तुकडा लातूरच्या होस्टेलात तिच्या उशाशी असायचा.

भांडण शेवटी शेटजींच्या गादीसमोर गेलं.

"काय शिकशील दगडात?" चांदपाशा म्हणाला. "माझ्यासारखी माती धुशील?"

"अब्बा, हिमायतनगरच्या पुढं टेकडीवर निजामाच्या टायमाची सोन्याची खाण हाय. पन्नास वर्षं बंद पडलीय. त्या दगडात अजून सोनं हाय, असं मी वाचलंय."

चांदपाशा पोट धरून हसला. "मी वाचलं न्हाई, धुतलंय! तुझ्या दादांसंगं, माझ्या बापासंगं गेलो होतो मी. खाणीभायेरचा ढीग दोन दिवस धुतला. निघालं काय? आमच्या हाताला फोडं. तिथं सोनं असतं तर झारेकऱ्यानं सोडलं असतं व्हय?"

"हाय. मी काढून दाखवते."

शेटजी सावरून बसले. असली मजा रोज कुठली? त्यांनी तिथंच पैज ठरवून टाकली. त्या ढिगातून पोरीनं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं जरी सोनं काढलं, तरी ती म्हणेल ते शिकेल. नाही काढलं, तर मुकाट्यानं मेडिकलचा फॉर्म भरेल. बापानं मदत करायची नाही, हाताची घडी घालून बसायचं. चांदपाशानं क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. ढीग त्यानं स्वतः धुतलेला होता. त्याच्या लेखी पोर डॉक्टर झालीच होती.

रविवारी शेटजींच्या जीपमधून चौघं निघाले. रहमतबीनं भाकरी-ठेचा बांधून घेतला आणि चांदपाशानं आपली हत्यारांची पिशवी. "बसायला निघालास न् भाता कशाला?" शेटजींनी विचारलं. "सवय," तो म्हणाला. न्हाव्याला धोकटी, तशी झारेकऱ्याला ही पिशवी.

भोकर मागं पडलं तशी नाझनीन खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि एकदम ओरडली, "अब्बा, बघा, दगड बदलला!" खरंच, इतका वेळ बांधाबांधाला दिसणारा काळा दगड संपला होता आणि करड्या-गुलाबी गोल गोल धोंड्यांची रास लागली होती. "किल्लारीत हा काळ्याच्या खाली खोल दडलाय. इथं उघडाच पडलाय. म्हणून खाण इथं निघाली." चांदपाशा या रस्त्यानं शंभरदा गेला असेल, पण धोंडे बदलतात हे त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. "असंल," तो म्हणाला.

खाणीचं तोंड बाभळींनी झाकून गेलं होतं. आत जायचं कुणाच्या मनातही नव्हतं. बाहेरचा ढीग मात्र तसाच होता, अर्धा गारगोटीचा न् अर्धा काळपट दगडांचा. शेटजींना दोन मिनिटांत एक दगड सापडला, त्यावर चौकोनी पिवळे चकचकीत खडे. "चांदपाशा, हरलास की रे! हे बघ सोनं!"

नाझनीननं पिशवीतून फुटक्या कपाचा तुकडा काढला आणि त्याच्या खडबडीत कडेवर तो खडा घासला. काळी रेघ उमटली. "सोनं असतं तर रेघ पिवळी आली असती. हे नुसतं लोखंड न् गंधक."

"चाळीस वर्षं सराफी केली न् गंधकाला भुललो," शेटजी म्हणाले. "गावात सांगू नका."

मग ती करड्या रुपेरी सुयांसारखे कण असलेली गारगोटी निवडू लागली. हातोडी मारली तसा लसणाचा वास सुटला. शेटजी लगेच म्हणाले, "भाभी, ठेचा सोडला का?"

"ठेचा न्हाई काका, सोमल हाय," नाझनीन म्हणाली. "विष. हात धुतल्याबिगर कुनी भाकरीला शिवू नका." हा वास जिथं येतो तिथंच सोनं असतं, असं तिनं वाचलं होतं.

तिनं खल मांडला, दगड मैद्यासारखा कुटला आणि खालच्या नाल्यावर काठवट घेऊन बसली. चांदपाशा दगडावर हाताची घडी घालून बसला. पोरीला त्यानं हे काम कधी शिकवलं नव्हतं, अंगणात येऊ दिलं नव्हतं. तरी तिचं मनगट वळत होतं ते थेट त्याच्यासारखं. हलकं पाणी पुढं, जड माल मागं. चोरून बघून शिकली होती कार्टी. त्याला राग आला आणि त्या रागातच थोडं बरंही वाटलं.

पहिल्या घाण्याला तळाशी काळी रेती उरली. पिवळं काही नाही. दुसऱ्याला तेच आणि तिसऱ्यालाही तेच. दुपार डोक्यावर आली. नाझनीनचे डोळे भरून आले. ती काठवट घेऊन उठली. "हरले, अब्बा," ती म्हणाली, आणि रेती नाल्यात ओतायला वाकली.

चांदपाशा जिंकला होता. नुसतं गप्प बसायचं होतं. पण काठवट कलती झाली तेव्हा त्याचं लक्ष रेतीकडं गेलं. पाणी पुढं धावलं, रेती जागची हलली नाही. एवढी जड! अशी जड रेती तीन घाणे धुऊन पिवळं दाखवत नाही, म्हणजे ते आत कुठंतरी बसलंय. धाग्याधाग्यात. त्याच्या डोळ्यांसमोर शेटजींची सतरंजी उभी राहिली. गप बस, त्यानं स्वतःला बजावलं. गप बस, पोर डॉक्टर होतीय. आणि दुसऱ्याच क्षणी तो दगडावरून उठून ओरडला, "अगं फेकू नको! जाळ की आधी!"

सगळे त्याच्याकडं बघत राहिले.

"सतरंजी जाळतो तशी जाळायची! भायेरून धुऊन काय व्हतंय? तुझे दादा न् मी, दोघंबी येडे. दगड हाय म्हून नुसता धूत बसलो!"

नाझनीननं कपाळावर हात मारला. "भाजणे! अब्बा, 'रोस्टिंग'! क्लासमधी चाळीस प्रश्न सोडवले मी त्याचे. एकबी चुकला नव्हता." लातूरचा हा एक गुण होता. उत्तर तिथं इतकं पाठ होत असे, की ते चुलीवर करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नसे.

शेटजी हसून हसून खाली बसले. "अरे, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा पैलवान पहिल्यांदा बघितला!"

मग हाताची घडी कुठली न् काय कुठलं! चांदपाशानं दगडांची भट्टी रचली, कोळसा पेटवला, भाता लावला. नाझनीननं वारा कुठून येतो ते बघून सगळ्यांना त्या बाजूला उभं केलं. धूर सोमलाचा होता, बापाला हे ठाऊक नव्हतं. पांढरा धूर टेकडीपलीकडं गेला. आणि ती वही काढून बापाशेजारी बसली.

"अब्बा, सावकाश सांगा. आच किती ठेवायची? कधी कळतं झालं म्हून?"

"लाल हू द्यायचं, पन वितळू न्हाई द्यायचं. मधी मधी हालवायचं…" बोलता बोलता तो थांबला. पोर त्याचा शब्द न् शब्द लिहून घेत होती. त्याच्या बापाचं, आजाचं बोलणं कुणी कधी लिहून घेतलं नव्हतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले, आणि हे धुरामुळं झालं असं सांगायचीही सोय नव्हती, कारण धूर पलीकडं चालला होता. मग तो आणखी सावकाश बोलू लागला, तिचं लिहून व्हायची वाट बघत.

उन्हं कलेपर्यंत रेती गेरूसारखी लाल झाली. निवल्यावर नाझनीननं पुन्हा धुतली. काठवटीच्या कडेला, केसाएवढी बारीक, पिवळी रेघ राहिली.

"या अल्ला," रहमतबी एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चांदपाशानं ते सोनं पाऱ्यानं गोळा केलं, तेजाबात साफ केलं आणि आटवलं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा मणी झाला. शेटजींनी तो कसोटीच्या दगडावर घासला आणि रेघेवर तेजाब लावलं. रेघ तशीच राहिली. "सोनं," शेटजी म्हणाले. "चांदपाशा, गप्प बसला असतास तर डॉक्टरचा बाप झाला असतास."

"शेटजी, सोनं वाहून चाललं होतं डोळ्यांदेखत. झारेकऱ्यानं बसून बघायचं व्हय?"

आठवड्यानं बापलेक कॉलेजात फॉर्म भरायला गेले. विषयाच्या रकान्यात भूगर्भशास्त्र लिहून झालं. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "वडिलांचा व्यवसाय?"

नाझनीननं तोंड उघडलं, पण त्याआधीच चांदपाशा खिडकीत वाकला. सबंध रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "झारेकरी."

"म्हणजे काय?" कारकुनानं पेन थांबवलं.

"तुम्ही लिवा तर," चांदपाशा म्हणाला. "काय असतं ते माझी पोर सांगंल. तिच्या वहीत समदं हाय."