दारात आलेला नवरा

उत्तरेतल्या एका मराठी संस्थानाच्या शहरात, दौलतगंजच्या त्या गल्लीत नवा भिकारी शिरला, की बायका पिठाच्या डब्याला हात लावण्याआधी गच्चीवरून राजलक्ष्मीला हाक मारत. ती यायची, पदर सारखा करायची आणि काही न बोलता नुसती बघत राहायची. तेवढ्यानंच भल्याभल्या ढोंग्यांना घाम फुटे. गळ्यात दावं बांधून, हातून गाय मेली म्हणून प्रायश्चित्ताचं मौन धरून, नुसता हंबरत फिरणारा एक जण तिनं असाच धरला होता. सगळ्या बायका हळहळत होत्या, कुणी जुनं धोतर काढलं होतं, कुणी गूळ आणला होता. राजलक्ष्मीनं मायेनं विचारलं, "गाय कैसी थी बाबा? काली कि सफेद?" आणि तो मौनी गडी "सफेद" म्हणून मोकळा झाला. नंतर स्वतःच जीभ चावत इंदरगंजच्या दिशेनं असा पळाला, की दावं गल्लीतच पडलं.

लोक म्हणत, वहिनींना देवानं नजर दिली आहे. देवाचा त्यात काही हात नव्हता. नजर दिली होती साधुबैराग्यांनीच. तिचा नवरा मधुसूदन प्रयागच्या माघमेळ्याला गेला तो परतलाच नाही. एका सकाळी स्नानाला म्हणून राहुटीतून निघाला, एवढंच सोबतच्यांना ठाऊक. बुडाला म्हणावं तर प्रेत नाही, साधू झाला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही. मग सुरू झाली रीघ. एकानं सांगितलं, हरिद्वारला पाहिला, तो शाल घेऊन गेला. दुसऱ्यानं नाशकाला पाहिला, तो तिची नथ घेऊन गेला. तिनं दिली. कोणती बाई देणार नाही? पण नाशिकवाला जिन्याखाली आपल्या साथीदाराला नथ दाखवून हसताना तिला दिसला, आणि त्या दिवसापासून तिचा दयेचा झरा जो आटला तो आटलाच.

ही दिल्ली दरबाराच्या पुढल्या सालची गोष्ट. मधुसूदनाला जाऊन बारा वर्षं भरली होती, आणि बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचं काय करायचं ते शास्त्रानं ठरवून ठेवलेलं आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं. मग तो माणूस मेला. त्याची बायको विधवा होते, तिचं कुंकू पुसतात, आणि ब्राह्मणाघरची असेल तर न्हाव्याला बोलावतात. येत्या अमावास्येला हे सगळं व्हायचं होतं.

ठरवलं होतं दिरानं, गोपाळकृष्णानं. तो दरबारच्या कचेरीत कारकून होता आणि माणूस वाईट नव्हता. "वहिनी, दादाला पाणी मिळायला नको?" असं तो खाली मान घालून म्हणाला होता. तिनं "तुम्ही म्हणाल तसं, भाऊजी" एवढंच उत्तर दिलं. पण रोज वेणी घालताना तिचे हात मध्येच थांबत. तिशीतली बाई ती. नवऱ्याच्या आठवणीनं रडण्याचे दिवस कधीच सरले होते. आता तिला साधी भीती वाटत होती, त्या वस्तऱ्याची, आणि त्यानंतर माजघराच्या कोपऱ्यात काढायच्या उरलेल्या आयुष्याची. हळदीकुंकवाला जिला कुणी बोलावत नाही आणि जिचं तोंड सकाळी कुणाला बघायचं नसतं, तशी एक बाई गल्लीत आधीच होती. राजलक्ष्मी तिला रोज पाहत होती.

अमावास्या तोंडावर आली असताना जोगी आला.

सारंगी वाजवत तो गल्लीत शिरला तेव्हा दुपारची जेवणं आटोपली होती. भगवी कफनी, खांद्यावर पसरलेल्या जटा, कानात जाड कुंडलं. इतर घरं सोडून तो नेमका यांच्याच ओट्यापाशी थांबला आणि गाऊ लागला. बारा बरस झाले, जोगी आपल्या घरची भिक्षा मागायला आला, माईनं ओळखलं नाही, असं काहीतरी ते गाणं होतं. सासूबाई आत सुपारी कातरत होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण कान शाबूत होते. अडकित्ता टाकून त्या भिंत चाचपत ओट्यावर आल्या.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तेरा ही हूँ, माई," जोगी म्हणाला आणि पुढे काही न बोलता डोळे पुसू लागला.

शेजारच्या विजयाबाई खिडकीतच होत्या. "अगं बाई, मधु तर नव्हे?" त्या म्हणाल्या, आणि झालं. नाव जोग्याला घरपोच मिळालं. राजलक्ष्मी दाराच्या चौकटीत उभी राहून हे सगळं बघत होती. गडी कसलेला होता. तो स्वतः काहीच सांगत नव्हता. "नदी का किनारा था," म्हणायचा आणि थांबायचा. "प्रयाग," सासूबाई म्हणायच्या. "आँगन में एक पेड़ था," म्हणायचा. "औदुंबर. तो तर तोडून टाकला रे," विजयाबाई म्हणायच्या. मग तो त्या तोडलेल्या झाडासाठी उसासा टाकायचा. मराठी का बोलत नाहीस असं विचारलं तर गुरूची आज्ञा होती, जोग पुरा होईपर्यंत मायबोली तोंडातून काढायची नाही. अशी सोयीची आज्ञा देणारा गुरू मिळायलाही नशीब लागतं.

कचेरीतून गोपाळकृष्ण आला तोवर अर्धी गल्ली ओट्यापाशी जमली होती. जोग्यानं आता आपला मुद्दा मांडला. दोन वाटा आहेत, माई. बायकोनं आपल्या हातानं मूठभर पिठाची भिक्षा घातली, की जोग पुरा होतो. मग जोगी जन्माचा जातो, घराचं नाव घेत नाही. नाहीतर मठाला भंडारा द्या. तूप, साखर, आटा आणि गुरूला थोडं सोनं. मग गुरू चेल्याला सोडतो, बेटा घरी येतो.

सासूबाईंनी हातातल्या पाटल्या काढायला सुरुवातही केली. हात सुजलेले होते, पाटली निघेना. त्या ओढतच राहिल्या.

"आई, थांब जरा," गोपाळकृष्ण म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. एकीकडे भाऊ, दुसरीकडे फसगत, मध्ये अमावास्या. "असे छप्पन येऊन राहिलेत शहरात. वहिनींना बघू दे. वहिनी म्हणतील तेच पक्कं."

"बघू दे," सासूबाई म्हणाल्या. "तिला कळेल. नवरा आहे तिचा."

राजलक्ष्मी चौकटीतून पुढे झाली आणि ओट्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. जोगी तेव्हाच म्हातारीच्या पायांवर वाकला. जटा पुढे घसरल्या आणि त्याचा उजवा कान उघडा पडला. खाली कुंडलाचं भलंमोठं भोक होतं. वरची कड मात्र कोरी होती, अगदी लहान मुलाच्या कानासारखी गुळगुळीत.

मधुसूदनाच्या आधीची सासूबाईंची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. तो झाला तेव्हा दक्षिणी रिवाजाप्रमाणे त्यांनी पाच घरी पदर पसरला, मिळालेल्या भिकेतून सोन्याची बाळी घडवली आणि पोराच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला टोचून घातली. भिकेची म्हणून भिकबाळी. ती त्यानं कधी काढली नव्हती. पुढे साधू होऊन काढली असली, तरी तिथली खूण जायची नाही. राजलक्ष्मीनं ती खूण रात्री दिव्याच्या उजेडात इतक्यांदा पाहिली होती, की चेहरा विसरला असता पण ते भोक विसरलं नसतं. जोगी हिंदुस्थानी मुलखातला, त्याला ही भानगड माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

जोग्यानं मान वर केली. तिची नजर कुठे खिळली आहे ते त्याला दिसलं. कारण कळलं नसेल, पण धंद्यातला माणूस होता, आपण पकडले गेलो एवढं त्याला समजलं. त्यानं हळूच जटा कानावर ओढून घेतल्या आणि निघण्याच्या बेतानं सारंगी खांद्याला लावली.

"काय वहिनी?" गोपाळकृष्णानं विचारलं.

'ढोंगी' एवढा एकच शब्द बोलायचा होता. आजवर शंभरदा बोललेला, तिच्या जिभेवर बसलेला शब्द. तो बोलली असती तर जोग्याला गल्लीनं झोडपून काढलं असतं, आणि अमावास्येला न्हावी मागच्या दारानं आत आला असता. राजलक्ष्मीनं जोग्याकडे पाहिलं. चोर खराच, पण या घटकेला त्याच्याजवळ जे होतं ते गावातल्या कुणाही शास्त्र्याजवळ नव्हतं. साधू झालेल्या माणसाची बायको विधवा नसते.

"हेच ते," ती म्हणाली.

ओट्यापाशी एकच रडारड झाली. सासूबाईंनी जोग्याचं डोकं छातीशी धरलं. रडत नव्हता तो फक्त जोगी. त्याच्या डोळ्यांत आता पहिल्यांदाच खरी भीती दिसत होती, कारण आयुष्यभर लोकांना फसवलेल्या माणसाला आपल्याला कुणी फसवतंय एवढं लगेच कळतं.

"पाटली काढ गं माझी," सासूबाई म्हणाल्या. "साबण आण."

"नाही," राजलक्ष्मी म्हणाली. "भंडारा नाही द्यायचा. जे आपणहून सोडून गेले त्यांना विकत घेऊन आणायचं नाही. त्यांचा जोग पुरा होऊ दे."

ती आत गेली. पिठाच्या डब्यात हात घातला. बाहेर सासूबाई ओरडत होत्या, विजयाबाई समजावत होत्या, आणि गोपाळकृष्ण काय करावं ते न सुचून नुसता उभा होता. ती मूठ भरून बाहेर आली. जोग्यानं झोळी पुढे केली, कारण गल्लीसमोर त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. पीठ झोळीत टाकताना ती त्याच्या कानाशी झुकली.

"इस शहर में फिर मत दिखना," ती पुटपुटली. "कोतवाली पास ही है।"

जोग्यानं हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, "अखंड सौभाग्यवती रहो, माई।" कपाळाला हात लावून तो वळला आणि सारंगी न वाजवताच गल्लीतून बाहेर पडला. सासूबाई त्याच्यामागे ओट्यावरून उतरायला निघाल्या. राजलक्ष्मीनं त्यांना कंबरेत धरून ठेवलं, आणि त्या तिच्या हातांवर बुक्क्या मारत राहिल्या.

अमावास्येचा विधी रद्द झाला. गोपाळकृष्णानं भटजींना निरोप पाठवला की दादा जिवंत आहे, संन्यासी झाला आहे. त्याला मनापासून बरं वाटलेलं दिसलं. राजलक्ष्मीचं कुंकू राहिलं, केस राहिले, चैत्रात तिला चार घरची हळदीकुंकवाची बोलावणीही आली. गल्लीतल्या बायका आता तिच्याकडे साध्वी म्हणून बघत. नवऱ्याला ओळखून भिक्षा घालायला केवढी छाती लागते, असं म्हणत. सासूबाई मात्र तिच्या हातचं जेवत आणि तिच्याशी बोलत नसत. काही हवं असलं तर भिंतीकडे तोंड करून सांगत. म्हातारीला पोटचा पोर बारा वर्षांनी मिळाला होता आणि सुनेनं तो मूठभर पिठावर घालवला होता. राजलक्ष्मीला हे समजत होतं.

पुढल्या वर्षीच्या वैशाखात, भर दुपारी, सगळं घर निजलेलं असताना दारावर थाप पडली.

"कुणी आहे का घरात?" बाहेरून पुरुषाचा आवाज आला. स्वच्छ मराठी. "दमून आलोय. पाणी मिळेल का?"

राजलक्ष्मी उठून बसली. बारा वर्षं ती याच आवाजाची वाट बघत होती. दुपारी, असा दमलेला, मराठी बोलणारा. ती दाराशी गेली आणि कडीवर हात ठेवून थांबली. आणि तिच्या मनात आपसूक एक वाक्य तयार झालं: हा भामटा आहे, खरे होते ते गेल्याच वर्षी येऊन गेले. ती हे म्हणाली असती तर सगळ्या गल्लीनं ऐकलं असतं. तिच्या नजरेवर सगळ्यांचा विश्वास होता. बाहेरच्या माणसानं पुन्हा थाप मारली.

तिनं दार उघडलं. कुणी एक प्रौढ गृहस्थ होता, हातात वळकटी, घामानं निथळलेला. इंदूरहून आला होता, इंदरगंजात आपल्या भाच्याचं घर शोधत गल्ली चुकला होता. तिनं तांब्या-भांडं आणून दिलं. तो उभ्या उभ्या दोन भांडी पाणी प्यायला, "फार उपकार झाले" म्हणाला आणि तिनं दाखवलेल्या वाटेनं निघून गेला.

राजलक्ष्मी उंबऱ्यावर बसली. तो परका निघाला म्हणून तिला हायसं वाटलं होतं. आपल्याला हायसं वाटलं, हे ध्यानात आल्यावर मात्र तिनं पदर तोंडात कोंबला आणि मधुसूदन गेला त्या वर्षीसुद्धा जशी रडली नव्हती तशी ती रडली, आतल्या कुणाला जाग येऊ नये म्हणून अगदी आवाज न करता.