घरचे नाव

"काका, राहू दे ना दोन दिवस. पाटी काय पळून चाललीय का?" काउंटरवरची बाई म्हणाली.

मी स्टुलावर चढलो होतो. हातात स्क्रूड्रायव्हर. म्हटले, "माणूस गेलं, पाटी ठेवून काय करू?"

पाट्या दोन होत्या. वरची पितळी, तिच्यावर हिचे, म्हणजे माझ्या बायकोचे नाव, पदवी आणि 'भूलतज्ज्ञ'. खालची पत्र्याची, मीच रंगवलेली: 'सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड चालेल.' या लहान दवाखान्यात यायच्या आधी हिने चौदा वर्षे सरकारी रुग्णालयात भूल दिली. इथल्या सर्जननी बोलावले तेव्हा हिने एकच अट घातली. "कार्डवाले पेशंट परत पाठवणार असाल, तर मला बोलावू नका."

मी त्याच सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनच्या पाइपलाइनवर मेकॅनिक होतो. डॉक्टर मुलीने मेकॅनिकशी लग्न केले म्हणून तिच्या माहेरी बोंबाबोंब झाली. ही म्हणाली, "सर्जनशी करून काय करू? माझं मशीन अडलं की हाच धावत येतो."

पहिला स्क्रू निघाला, तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन काउंटरपाशी आली. बाईच्या पित्ताशयात खडे. हिनेच तिला तपासले होते, तारीखही ठरली होती. त्या तारखेच्या चार दिवस आधी ही गेली.

"मावशी, तुमचे कागद घेऊन जा," काउंटरवरची बाई हळू आवाजात म्हणाली. "मॅडम नाहीत. आता कार्डावर भूल द्यायला कोणी नाही."

"मग आम्ही जायचं कुठं?" मुलगी म्हणाली. "मोठ्या हॉस्पिटलात सहा महिन्यांनी नंबर लागेल म्हणतात. हिला दुखण्यानं घास गिळवत नाही."

नवे भूलतज्ज्ञ डॉक्टर मागेच उभे होते. हिच्याच हाताखाली शिकलेले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "काका, असं बघू नका. विम्याचे कागद चार चार वेळा परत येतात. त्यांच्यामागे कोण धावणार? मॅडमना जमलं. मी मॅडम नाही."

"मी कुठं काय म्हणालो?"



काउंटरवरच्या बाईने कागद काढायला फाइल उघडली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. त्यावर हिचे अक्षर. मी स्टुलावरून उतरलो.

ती हिची जुनी सवय. भुलीतून बाहेर येताना माणूस कागदावरच्या नावाला लवकर ओ देत नाही, घरच्या नावाला देतो, असे ही म्हणायची. म्हणून तपासणीच्या वेळी घरचे नाव विचारून पट्टीवर लिहायची आणि ऑपरेशनच्या दिवशी ती पट्टी स्वतःच्या मनगटावर चिकटवायची. संध्याकाळी मी विचारायचो, "आज कोण कोण उठलं?" ही हात पुढे करायची. बंडू. माई. छकुली. कार्डवाला कोण आणि पैसेवाला कोण, ते हातावरून कळायचे नाही.

डॉक्टरांनी पट्टी वाचली. "ठकी?"

मुलीला हसू फुटले. "आई! ठकी?"

"दात काढू नकोस," बाई लाजून म्हणाली. "माझे वडील म्हणायचे. ते गेल्यावर कुणी म्हटलंच नाही. मॅडमनी खोदून खोदून विचारलं. म्हणाल्या, मी हाक मारीन, तुम्ही फक्त ओ द्यायची."



मला तो रविवार आठवला. दुपारी ही जरा पडली होती. चहा झाल्यावर मी हाक मारली. घरच्या नावानेच मारली. तीन-चार वेळा मारली. ते नाव इथे लिहीत नाही.

चिकटपट्टीचे एक टोक सुटले होते. डॉक्टरांनी ते अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवले. बराच वेळ अंगठा तिथेच होता.

"मावशी," ते म्हणाले, "एखादा दात हलतोय का? भूल देताना घशात नळी घालायची असते."

"हलतोय की. खालचा."

"आ करा. बघू." त्यांनी वाकून पाहिले. "सोमवारी सकाळी सातला या. उपाशी. चहासुद्धा नाही. आणि कार्ड विसरू नका."

बाईने आ केलेलाच होता. तो मिटायचे तिच्या ध्यानात राहिले नाही. शेवटी मुलीनेच तिच्या हनुवटीला हात लावला.

मी पुन्हा स्टुलावर चढलो. वरची पाटी उतरवून हातरुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. खालच्या पाटीचा एक स्क्रू ढिला झाला होता, तो आवळला. मग वरच्या पाटीचे चारही स्क्रू एकेक करून रिकाम्या भिंतीत परत पिळले. अर्धेच.

"काका, हे कशाला ठेवले?" काउंटरवरच्या बाईने विचारले.

"नव्या पाटीला लागतील," मी म्हटले.