माझ्यातले सव्वातीन एकर

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाला उजवीकडे चीर गेली आहे आणि वायर काढली की दहा मिनिटांत मी डोळे मिटतो. याच्यात आता काय उरलंय, असं तुम्हाला वाटेल. माझ्यात सव्वातीन एकर शेत आहे.

माझे सुटे भाग कुठे घडले, मला ठाऊक नाही. माझी आठवण अमरावतीच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटापासून सुरू होते. संध्या नावाच्या शिक्षिकेने मला तिथून घरी नेलं. सात वर्षं मी तिच्या प्रश्नपत्रिका लिहिल्या, निकाल जुळवले. “माझा लॅपटॉप कधी दगा देत नाही,” असं ती शिक्षकांच्या खोलीत सांगायची. मग नवा लॅपटॉप आला आणि मी पलंगाखालच्या पिशवीत गेलो. पिशवीच्या चेनमधून थोडा उजेड यायचा, तेवढाच.

दीड वर्षाने तिने मला पुसून अकोल्याला आणलं, तिच्या वडिलांकडे. मोतीरामजी चौतीस वर्षं भूमापक होते. वऱ्हाडातली किती शेतं त्यांनी मोजली याची गणती नाही. स्वतःच्या नावावर मात्र एक गुंठाही नव्हता. निवृत्तीनंतर ते घरातल्या खोल्या मोजायला लागले, तेव्हा संध्याने ठरवलं की बाबांना प्रोग्रामिंग शिकवायचं.

तिने माझ्यात एक सरावसंच भरला. त्याची रीत गमतीची होती. प्रत्येक धड्यात चाचण्या आधीच लिहिलेल्या असत. अमुक दिलं तर अमुक उत्तर आलं पाहिजे, एवढंच त्यांत असे. शेजारची फाइल कोरी. सुरू केलं की पडद्यावर लाल रेघ उमटायची. आपण चार ओळी लिहायच्या, पुन्हा चालवून पाहायचं. जमलं की रेघ हिरवी.

“हे बरं हाय,” मोतीरामजी म्हणाले. “चुकलं तं तोंडावर सांगते. पाठीमागं बोलत नाई.”

ते दोन बोटांनी टाइप करत. त्यांच्या पत्नी मैनाबाई कणीक मळता मळता म्हणत, “जिंदगीभर साखळी ओढली, आता बटनं दाबून राहिले. पोरं हसतीन.”

“हसू दे. तूबी तं हसूनच राहिली.”

तिसऱ्या धड्यात घोटाळा झाला. धडा साध्या बेरजेचा होता. चाचणी म्हणत होती, १.२० आणि १.३० मिळून २.५० आले पाहिजेत. मोतीरामजींनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं, मान हलवली आणि चाचणीतलं २.५० खोडून तिथे ३.१० लिहिलं. मग ते बेरीज लिहायला बसले. तीन दिवस मी लाल रेघ दाखवत राहिलो. मला त्यांची कीव येत होती, पण खोटं हिरवं मला दाखवता येत नाही.

रविवारी संध्या आली. तिने फाइल उघडून पाहिली. “बाबा, तुम्ही प्रश्नच बदलला.”

“बदलला नाई. चूक होती, दुरुस्त केली.”

“चूक कशी?”

“एक एकर वीस गुंठे अन् एक एकर तीस गुंठे. चाळीस गुंठ्याचा एकर. किती झाले? तीन एकर दहा गुंठे. मास्तरीन हायेस ना तू?”

संध्याने बोटांवर हिशेब केला. चौतीस वर्षं त्यांच्या वहीत टिंबाच्या पुढे गुंठेच होते. “तुमचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण याला गुंठे माहीत नाहीत. पुस्तकातली चाचणी होती तशी ठेवा. याला गुंठे शिकवायला तुमच्या चाचण्या वेगळ्या लिहा. आधी उत्तर लिहायचं, मग रस्ता शोधायचा.”

मित्रांनो, ते माझे सगळ्यांत चांगले दिवस. रोज सकाळी एक नवी चाचणी. बेरीज हिरवी झाली, वजाबाकी हिरवी झाली, मग बांधाची जागा सोडून क्षेत्र काढायचं तेही जमलं. तेवीस चाचण्या हिरव्या झाल्या. मग मोतीरामजींनी चोविसावी लिहिली. तिच्यात सव्वातीन एकरांचं एक शेत होतं. असं शेत या घराकडे कधीच नव्हतं. त्याचे तिन्ही मुलांना तीन सारखे हिस्से: संध्या, अनुप, माया. प्रत्येकी एक एकर तीन गुंठे. उरलेल्या एका गुंठ्यापुढे त्यांनी लिहिलं, ‘सामाईक वाट’.

लाल रेघ उमटली. “उद्या पाहू,” म्हणून त्यांनी माझं झाकण मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर अनुप वरूडला परत जायच्या तयारीला लागला. टेबल आवरताना तो म्हणाला, “ताई, हा डबा मी दुकानात देऊन येतो. आधी सगळं पुसून टाकतील, मग घेतील.”

“तू दुपारी निघणार ना? तोवर राहू दे,” संध्या म्हणाली.

ती माझ्यासमोर बसली. चाचण्या चालवल्या. तेवीस हिरव्या, एक लाल. ती ओळ पुसली असती तर सगळं हिरवं दिसलं असतं. तिने ओळ वाचली. आपलं नाव वाचलं. वडिलांना काय हवं होतं हे कुणाला विचारायचं नव्हतं. उत्तर त्यांनी लिहून ठेवलं होतं. रस्ता तेवढा राहिला होता.

पहिल्या प्रयत्नात वजाबाकीच बिघडली आणि सहा चाचण्या लाल झाल्या. तिने ते मागे घेतलं. पाणी प्यायली. एकरांचे गुंठे केले, तिनाने भागलं, बाकी वाटेत टाकली. पुन्हा चालवलं.

चोवीस हिरव्या.

मैनाबाई दारात उभ्या होत्या. “काय झालं वं?”

“बाबांचं झालं, आई.” संध्याने त्यांना बसवून ती ओळ वाचून दाखवली.

मैनाबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “तीनच हिस्से? मी कुठं गेली?”

संध्याने ती ओळ पुन्हा वाचली.

“वावर कागदावरचंच होतं नं? मंग मले द्याले काय झालं होतं तुह्या बापाले?”

महिनाभरात पहिल्यांदा संध्या हसली. डोळे पुसून तिने पंचविसावी चाचणी लिहायला घेतली. आईचं नाव आधी. चार हिस्से, प्रत्येकी बत्तीस गुंठे, दोन गुंठे वाट. तिने ती चालवली. तिचा प्रोग्राम तिनानेच भागायला शिकला होता. लाल रेघ उमटली.

बाहेरून अनुपने हाक मारली, “ताई, डबा दे. निघतो मी.”

“कामात हाय म्हनाव,” मैनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. “मले सांग, हे लाल काहून झालं?”

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा जुना, मंद, चीर गेलेला सोबती पडून असेल. त्याला देऊन टाकायचं असेल तर जरूर द्या, आम्ही रुसत नाही. फक्त पुसण्याआधी एकदा वायर लावा आणि शेजारी बसून तो काय सांगतो ते वाचा. लाल रेघ दिसली तर घाबरू नका. तिचा अर्थ एवढाच की कुणाचं तरी काम अजून चालू आहे.