शिगेचे चिपटे

मी एक जुने चिपटे आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. पायली हे धान्य मोजायचे मोठे माप, आणि तिचा सोळावा हिस्सा म्हणजे मी. अंगाने पितळी, उंचीला वीतभरही नाही. ब्रह्मपुरीच्या जलालुद्दीनभाऊंनी एका फुटक्या गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या पितळी भांड्याच्या, पत्र्यातून मला ठोकून काढले. तळाला डाग दिला, पाणी भरून गळते का ते पाहिले आणि म्हणाले, "जा, बरकत दे."

चामोर्शीजवळच्या एका गावात बायनाबाईच्या घरी मी आले, त्याला आता चाळीस वर्षे झाली. मापाचे नशीब मापणाऱ्याच्या हातात असते. बायनाबाईचा हात मोठा उदार. ती मला काठोकाठ भरून थांबत नसे, वर तांदळाचा उंच ढीग चढवी. त्या ढिगाला म्हणतात शीग. मापताना पहिल्याला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, ही आमची रीत. लाभ, दोन, तीन असे मोजून झाले की बायनाबाई आणखी एक चिपटे न मोजता घाली. "सपाट माप कंजूसाचं," ती म्हणायची. बाया कौतुकाने म्हणत, "बायनाबाईच्या हाताले शीग आहे." खोटे का सांगू, त्या कौतुकाने मीही फुगत असे.

मग घरोघरी तराजू आले, पिशवीबंद तांदूळ आला. मी फळीवर पडले. काळी पडले. एक पाल दोन उन्हाळे माझ्यात मुक्कामाला होती, यावरून काय ते समजा.

मला खाली काढले ते सुनेने, नूतनने. तिने कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपे लावताना, बायांचे हात चिखलात राहून खरबरीत होतात. त्यांच्यासाठी तिने मोहाच्या बियांच्या तेलापासून हातापायाला लावायचा पातळ साबण केला होता. पण तो बाजारात कोणी घेईना. थेंबभर तळहातावर चोळायचे आणि म्हणायचे, "फेस नाई येत, मळ कसा निघन?" म्हणून नूतनने फेस आणणारी पांढरी भुकटी मागवली. तिच्याजवळचा छोटा काटा तेव्हा बंद पडायच्या बेतात होता. तो बंद पडण्याआधी तिने मला घासून कोरडे केले, भुकटीने सपाट भरले आणि तोलून घेतले. एका टाकीला पाच चिपटी, असा हिशोब बसला.

साबण ढवळायच्या दिवशी नूतन तोंडाला ओढणी बांधून दांडा फिरवत होती, कारण ती भुकटी नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. बायनाबाई मापत होती. "लाभ, दोन, तीन, चार, पाच!"

मित्रांनो, त्या दिवशी मी जे पाहिले ते चाळीस वर्षांत पाहिले नव्हते. मी चिपटेभर तांदूळ ओतले की चिपटेभरच पडतात. आणि ही भुकटी! नूतनने थोडा साबण पाण्यात घुसळला, तर पातेले भरून फेस वर आला, काठावरून उतरला, अंगणात पसरला. प्रत्येक बुडबुड्यात एकेक सूर्य, प्रत्येकात जांभळा-हिरवा रंग. माझ्या पितळी पोटात एवढे सारे मावले होते? मी थक्क झाले. बायनाबाईने तोंडावर हात ठेवला. "माय वो! धुकंच उतरलं आंगणात."

आठ बायांना आठ बाटल्या वाटल्या. चौथ्या दिवशी शेजारची रुखमाबाई आली. तिचे हात लाल झाले होते, बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटली होती.

"नूतन, हात जळजळ करून राह्यले वो. चिखलात घालवत नाई. अन् मोबाईलात दाखवतात, फेसानं कॅन्सर होते म्हणून. खरं काय?"

"तसं नाई, मावशी," नूतन म्हणाली.  रोवणा तोंडावर आणि आठ जणींचे हात निकामी! रुखमाबाई गेल्यावर ती सासूला म्हणाली, "माझंच गणित चुकलं, आई. टाकी रिकामी करते. हे काम आता बंद."

 बायनाबाई डाव्या हाताने भात वाढत होती, आणि उजवा हात पदरात गुंडाळलेला होता. नूतनने तो हात धरला, पदर सोडवला. रुखमाबाईपेक्षा वाईट हात होता तो. भेगांतून रक्त दिसत होते.

"आई! काऊन नाई सांगितलं?"

"तुझं काम बंद पडन म्हणून."

नूतन रडली. मग एकदम तिच्या लक्षात आले की भुकटी याच हाताने मापली होती, आणि तिने मला उचलून पुढे ठेवले. "भुकटी कशी मापली, दाखवा बरं."

बायनाबाईने मला भरले आणि सवयीने वर शीग चढवली. तशी पाच. आणि मग न मोजता सहावे. पाचाची जवळजवळ आठ झाली होती! मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण मापाला तोंड असते, वाचा नसते.

"शीग लावली होती?" नूतनने विचारले.

"मंग? आपल्याच बायाईले सपाट द्याव काय?"

नूतनने तिचे हात आपल्या हातांत घेतले. "आई, ही भुकटी वैरी नाई. बेतानं घातली अन् लगेच धुतली तर बहुतेकाईले सोसते. ती मळातलं तेल पकडते. पण आपल्या कातडीचंही आपलं तेल असते. जास्त झाली का तेही ओढून नेते."

बायनाबाईने आपले फाटलेले हात उलटेपालटे करून पाहिले. "जन्मभर शीग देत आली मी," ती म्हणाली, "अन् शिगेनंच बायाईचे हात फाडले."

दुसऱ्या दिवशी ती मोहाचे तेल घेऊन आठही घरी गेली, बाटल्या परत घेतल्या आणि प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाली, "नूतनचं नाई, माझं चुकलं." ज्या गावाने तिच्या हाताचे गुण गायले, त्याच गावात हे बोलणे सोपे नव्हते.

हात भरून आल्यावर बाया रोवण्याला गेल्या. त्यानंतर नवी टाकी झाली. बायनाबाईने मला भरले, शीग चढली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने एक पट्टी माझ्या काठावरून सरळ फिरवली. वरची भुकटी डब्यात परत गेली. फेस थोडाच आला. नूतनने तो साबण आधी आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला लावला, दोन दिवस वाट पाहिली, मगच बाटल्या भरल्या.

आता माझ्या कानाला लाल दोरा बांधला आहे. 'याच्यात तांदूळ नाई' अशी त्याची खूण. भुकटीचे माप पुन्हा धान्याला लावत नाहीत, हे योग्यच आहे. म्हणजे मी आता कोणाच्या सुपात शिगोशीग तांदूळ ओतणार नाही. वाईट वाटते, लपवत नाही.

पण मित्रांनो, तुम्ही साबण हातावर घ्याल तेव्हा फेसाच्या ढिगावर भुलू नका. तो जरूर पाहा, त्याची नवलाई मोठीच आहे. पण थोडाच घ्या, नीट धुऊन टाका, आणि आग झाली तर बायनाबाईसारखा हात पदरात लपवू नका. परवा टाकी भरताना तिने काठावर पट्टी फिरवली आणि मला म्हणाली, "रागावू नको बापा, हेही देणंच आहे."