आडवे बाबांचे, उभे आईचे

आमच्या घरी वर्तमानपत्र येतं ते शब्दकोड्यासाठी, बातम्या नंतर. आडवे शब्द बाबांचे, उभे आईचे. बाबा भौतिकशास्त्राचे, आई गणिताची. तरुणपणी तिने असं काही गणित करून ठेवलं होतं की कुणाच्या कामाचं नाही म्हणून सहकारी हसायचे. पुढे बाबा अणूपेक्षा बारीक कणांच्या मागे लागले तेव्हा त्यांना नेमकं तेच लागलं, आणि त्यातून लग्नही जुळलं. "मी जग आडवं सोडवतो, ही उभं. अक्षर जुळलं की देव पावला," असं ते पाहुण्यांना सांगायचे. आई मात्र कडक. एक उणे चिन्ह चुकलं म्हणून तिने बाबांचा शोधनिबंध छापायला जाऊ दिला नव्हता.

हल्ली बाबांना शब्द सापडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, कोडी सोडवू द्या. पण मागे मी एक चूक दाखवली, तर त्यांनी पेन ठेवलं ते आठवडाभर उचललं नाही. आईने त्याचा धसकाच घेतला.

आज 'भिंत बांधणारा' याला बाबांनी ठसठशीत 'सुतार' लिहिलं. मधल्या घरातून खाली आईचा दोन अक्षरी शब्द निघत होता, त्याची खूण 'कूळ'. तिथे 'वंश' हवं हे मलाही कळत होतं. आईने बाबांचा 'ता' तसाच ठेवून शांतपणे 'ताश' लिहिलं. मी बघतच राहिले. उण्या चिन्हासाठी नवऱ्याशी भांडलेली बाई ही.

बाबांनी चष्मा सावरला आणि ताश म्हणजे काय ते विचारलं. जुना शब्द आहे, आई म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

"माझं चुकलंय ना?" बाबा म्हणाले. "अगं, मी चुकलो हे कळायला तुझा उभा शब्द तेवढा उरलाय. तोही माझ्या बाजूने वळवलास तर मी कुठे बघू?"

आईचे डोळे भरले. तिने 'ताश' खोडून 'वंश' लिहिलं. बाबांनी 'सुतार' खोडलं आणि ते त्या मधल्या अक्षराकडे बघत बसले.

"सांगू नकोस," ते म्हणाले.

चहा निवून गेला. मला राहवेना, 'गवंडी' अगदी ओठांवर आलं होतं, पण तोंड उघडताच आईने टेबलाखालून माझा पाय दाबला. शेवटी बाबांनी नकारार्थी मान हलवली. आईने ती दोन घरं रिकामीच ठेवली, पेन त्यांच्या हातात दिलं आणि पुढचा आडवा शब्द वाचून दाखवला.