‘व्हाइस’ची पट्टी

हे घडलं एकोणीसशे त्रेसष्ट साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मला कॉलेजच्या सामानखोलीत नोकरी लागली आणि सासूबाईंनी माझं नाव ‘स्क्रूवाली’ ठेवलं. संध्याकाळी मी दारात दिसले की शेजारणीला म्हणायच्या, “आली बाई आमची स्क्रूवाली!”

कॉलेजात दारांवरच्या पितळी पाट्या दोन तुकड्यांच्या असत. खाली हुद्द्याची लांब पाटी आणि तिच्या वर ‘व्हाइस’, ‘असिस्टंट’, ‘ज्युनिअर’ अशी छोटी पट्टी. बढती झाली की फक्त पट्टी काढायची आणि पुढच्याच्या दारावर बसवायची. असल्या पट्ट्यांचा एक अख्खा खण माझ्या ताब्यात होता.

व्हाइस प्रिन्सिपल मॅडमच्या दारावरची पट्टी मात्र अकरा वर्षं हलली नव्हती. प्रिन्सिपल दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते आणि मॅडम दोन खुर्च्यांचं काम एका खुर्चीत बसून उरकत होत्या. शनिवारी संस्थेची बैठक होती. मॅडमना प्रिन्सिपल करायचं की बाहेरचं कोणी आणायचं, ते तिथे ठरणार होतं. अध्यक्षांच्या मनात बाहेरचा माणूस आहे, हे शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

बैठकीसाठी पाट्या चकचकीत हव्यात म्हणून गुरुवारी मी सगळ्या उतरवून लिंबू-राखेने घासल्या आणि परत लावल्या. फक्त ‘व्हाइस’चा एक स्क्रू झिजला होता. घरी जाताना वाटेत नवा घेऊ म्हणून पट्टी पर्समध्ये टाकली. स्क्रू घेतला, पण पट्टी पर्समध्येच राहिली.

शुक्रवारी सकाळी मी पोचेपर्यंत अध्यक्ष न सांगताच आले होते आणि मॅडमच्या दारापुढे थबकले होते. दारावर नुसतं ‘प्रिन्सिपल’ चमकत होतं.

“वा!” आत शिरत ते म्हणाले. “उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! बैठक उद्या, आणि पाटी आजच?”

“कसली पाटी?” मॅडम म्हणाल्या. आपल्या दारावरची पाटी आतून कुणाला दिसते? मी धावत आत गेले आणि पर्स टेबलावर उपडी केली. कंगवा, रुमाल, किल्ल्या, अर्धं बिस्कीट आणि शेवटी पट्टी.

“साहेब, चूक माझी आहे. लावायची राहिली.”

“असं बोलायला मॅडमनीच सांगितलं असेल.”

“त्यांनी सांगितलं असतं तर मी इतकी रडवेली झाले असते का हो?”

लॅटिनचे सर सहीसाठी कोपऱ्यात थांबले होते. त्यांच्या वर्गात चार विद्यार्थी, त्यातले दोघे सख्खे भाऊ. त्यामुळे सर कुणी विचारलं नाही तरी शिकवत.

“‘व्हाइस’ मूळचा लॅटिन,” ते म्हणाले. “म्हणजे ‘च्या जागी’. पाळी, बदली अशा अर्थाच्या शब्दातून आलाय. राजाच्या जागी व्हाइसरॉय, कप्तानाच्या जागी व्हाइस कॅप्टन. पण ज्याच्या जागी उभं राहायचं, तो कोणीतरी हवा ना? इथे दोन महिने कोणीच नाही. मग मॅडम कोणाच्या जागी आहेत? त्या खुर्चीच्या?”

“सर, पुरे,” मॅडम उठल्या. “पट्टी माझी आहे आणि आज ती दारावरच हवी. अगं, स्टूल आण. मी धरते.”

स्टूलचा एक पाय आखूड होता. मी चढले, मॅडमनी स्टूल घट्ट धरलं. तेवढ्यात प्रयोगशाळेतले एकजण सहीला आले. त्यांच्यामागे वसतिगृहाच्या बाई, मग कागद घेतलेल्या दोन मुली.

“साहेब, तुमची बॅग जरा आडवी धरता?” मॅडम म्हणाल्या, आणि एका हाताने स्टूल धरून, अध्यक्षांच्या बॅगेवर कागद ठेवून सह्या करत राहिल्या. एक कागद वाचून परत पाठवला. “बेरीज चुकलीय, जा.”

अध्यक्ष बराच वेळ बॅग धरून उभे होते. शेवटी वर बघून म्हणाले, “डावीकडे खाली गेलीय हो पट्टी.”

शनिवारच्या बैठकीत बाहेरच्या माणसाचं नावच निघालं नाही. मॅडम प्रिन्सिपल झाल्या. पण भीतीपोटी मी तो नवा स्क्रू इतका आवळला होता, की पट्टी काही निघेना. चार दिवस मॅडम व्हाइस राहूनच प्रिन्सिपलचं काम करत होत्या. म्हणजे तसं नवीन काहीच नव्हतं.

मॅडम चौदा वर्षं त्या खुर्चीवर होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी सरांकडे लॅटिनची शिकवणी लावली आणि पहिल्याच परीक्षेत नापास झाल्या. सरांनी दयामाया दाखवली नाही. अध्यक्ष मरेपर्यंत भाषणांत सांगायचे, “बाईंना हेरलं ते मी!”

पुढे प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या. खण भंगारात निघाला, तेव्हा ‘व्हाइस’ मी घरी आणली. सासूबाईंनी अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाल्या, “मग लाव ती स्वयंपाकघराच्या दारावर. मी नसेन तेव्हा तुझंच राज्य.” गावाला जाताना त्या पट्टीकडे बोट दाखवूनच निघायच्या.

सासूबाई वारल्या, त्या वर्षी मी पट्टी काढली. तो स्क्रू मात्र सहज निघाला. परवा कपाटाच्या खणात सुनेला ती सापडली. “हे काय, आई?” म्हणाली. मी तिला स्टूल आणायला सांगितलं.